साळवीकाकांचा पुकेको

साळवीकाका चालायला लागले की वाजतात. त्यांच्या खाकी जाकिटावर पुढून, मागून, खिशांच्या झाकणांवरसुद्धा धातूच्या रंगीत पिना टोचलेल्या असतात. शाळेत आपण ज्याला बिल्ला म्हणायचो, तीच ही वस्तू. फक्त इथे न्यूझीलंडमध्ये तिच्यापायी मोठी माणसं वेडी होतात. सँडरिंगहॅममध्ये त्यांचं घर आमच्या शेजारी आहे, त्यामुळे ते कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला निघाले की मला खिडकीतून न बघता कळतं.

गेल्या वर्षी त्यांना मूतखड्याचा झटका आला. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. माणूस पांढराफटक पडलेला, घामाने निथळतोय, आणि स्ट्रेचरवर आडवं करताना त्या ॲम्ब्युलन्सवाल्या बाईच्या खिशावरचा बिल्ला बघून विचारतो काय, तर "सिस्टर, यू ट्रेड?" मी कपाळाला हात लावला. बाई हसून नाही म्हणाल्या. काका कण्हत म्हणाले, "नो वरीज. बट इफ यू सी अ पुकेको, टेल मी."

पुकेको म्हणजे इथला निळा, लाल चोचीचा, लांब ढांगांचा पक्षी. मोटरवेच्या कडेला दलदलीत हवे तितके दिसतात. काकांना हवा होता तो रोलर कोस्टरवर बसलेला. शहराच्या दक्षिणेला एक थीम पार्क आहे. पार्कवाल्यांनी पूर्वी कधीतरी सहा पक्ष्यांच्या पिनांचा संच काढला होता. त्यातले पाच काकांच्या छातीवर होते, सहावा मिळत नव्हता. त्याच्यासाठी दर महिन्याला ते पार्कातल्या पिनांच्या अदलाबदलीला जायचे आणि हात हलवत परत यायचे.

एका रविवारी त्यांची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून मी सोडायला गेले. वाटेत माझी शिकवणी झाली.

"गौरी, दुसऱ्याच्या पिनेकडे बोट दाखवायचं, बोट लावायचं नाही. एकास एक. घासाघीस नाही."

"मग मजा काय काका?" मी तुळशीबागेत घडलेली बाई, मला हे पटेना.

"देवाणघेवाण आहे ही. दरोडा नाही."

पार्कातल्या हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मला पहिला धक्का बसला. आमचे साळवीकाका म्हणजे अबोल माणूस. घरी बसून ड्रेनेजच्या पाइपांचे नकाशे काढतात. काकू मेलबर्नला लेकीचं बाळ सांभाळायला गेल्या, त्याला दोन वर्षं झाली. कुंपणावरून माझ्याशी बोलणं म्हणजे "बरंय ना? बरंय." तो माणूस इथे टेबलाटेबलांवर "किया ओरा! एनी पुकेको?" करत नवरदेवाच्या मामासारखा मिरवत होता! सगळे हळहळून नाही म्हणायचे, आणि मग गुडघा कसा आहे, टोमॅटो आले का, अशा गप्पा सुरू. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेली लॉरेन नावाची एक आजीबाई, निवृत्त बस ड्रायव्हर, तिने काकांचा तीन चमचे साखरेचा चहा तयारच ठेवला होता. तिला बाळाला किती दात आलेत तेही ठाऊक. काकांनी तिला हातवारे करून मूतखडा सांगितला. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

शेवटच्या टेबलावर पापाकुराहून पहिल्यांदाच आलेली एक तरुण मुलगी टॉवेलवर चार-पाच पिना मांडून बसली होती. त्यातली एक बघून मी जवळजवळ किंचाळलेच. पुकेको! रोलर कोस्टरवर बसलेला!

माझ्याकडे द्यायला काय होतं? पर्सला मंडळाच्या गणेशोत्सवातला बिल्ला लटकत होता. 'स्वयंसेवक, प्रसाद विभाग', आणि खाली मोदक.

"ओ, क्यूट! इज दॅट गार्लिक?" मुलीने विचारलं.

गणपतीबाप्पा, मला माफ कर. मी "येस" म्हणाले.

पुकेको उंच धरून मी ओरडले, "काका, मिळाला!" आणि अख्खा हॉल गप्प झाला. टाळ्या पडतील असं मला वाटलं होतं. लॉरेनने माझा दंड धरला. "ओ लव्ह, व्हॉट हॅव यू डन?" तिने आपला डबा उघडून खालचं फडकं उचललं. खाली दोन पुकेको! "वुई ऑल हॅव वन," ती कुजबुजली. "ही'ड स्टॉप कमिंग, यू सी."



काकांनी पिन घेतली, जाकिटावर लावली, मला थँक्यू म्हटलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. डोक्यावरून रोलर कोस्टर किंचाळत जात होता. मी शेजारी टेकले.

"आनंद नाही झाला काका?"

"झाला ना." ते बुटांकडे बघत होते. "घरी मी कोणाशी बोलतो, सांग. मीटिंगमध्ये लोक मला 'यू आर ऑन म्यूट' एवढंच म्हणतात. काकू फोनवर बाळ दाखवते, ते रडतं, ती फोन ठेवते. इथे मी पुकेको विचारतो, मग माणसं बोलतात. आता काय विचारू त्यांना?"

मला माझी लाज वाटली. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांना फक्त वाजताना ऐकलं होतं.

"परत देऊया तिला," मी म्हणाले.

"छे. झालेला सौदा मोडायचा नसतो."

ते उठले आणि तडक आत, त्या नव्या मुलीपाशी गेले. छातीवरचा केआ काढला. केआ म्हणजे हिरवा डोंगरी पोपट, संचातली सगळ्यात देखणी पिन. तिच्या टॉवेलवरच्या आइस्क्रीमच्या कोनाच्या पिनेकडे बोट दाखवून म्हणाले, "वन फॉर वन." तसल्या पिना गेटवरच्या दुकानात ढिगाने मिळतात.

"काका, वेड लागलंय का? केआ देताय?"

"पहिल्यांदा आलीय पोर. काहीतरी चांगलं घेऊन जाऊ दे." मग लॉरेनच्या टेबलाकडे वळून, चांगला खणखणीत आवाज लावून, "लॉरेन, माय सेट इज ब्रोकन! एनी केआ?"

लॉरेनच्या गळ्यातल्या पट्ट्यावर अगदी मधोमध केआ होता. छातीत कळ आल्यासारखा तिने त्यावर तळहात ठेवला.

"नॉट टुडे, मिस्टर साळवी. मे बी नेक्स्ट मंथ."

काका खुर्ची ओढून बसले. मीही एक खुर्ची ओढली आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "काका, बाळाचं नाव काय ठेवलंय?"