खाऱ्या पाण्यातली मंडळी

आमच्या बिल्डिंगमध्ये समुद्राच्या पाण्याचा चहा प्यालेलं एकच कुटुंब आहे, ते आमचं. आणि तो चहा मी केला होता.

त्याचं असं झालं. ऐंशीच्या दशकाचे शेवटचे दिवस. मानपाडा रोडला आम्ही नुकतेच राहायला आलो होतो, आणि डोंबिवलीत तेव्हा पाणी यायचं कमी आणि ऐकू यायचं जास्त. नळ सोडला की आतून फुस्स असा आवाज यायचा आणि त्यावरच समाधान मानून माणसं ऑफिसला जायची. त्या सकाळी दार उघडलं तर जिन्याच्या चौकात दोन पांढरे कॅन, काठोकाठ भरलेले. सोसायटी टँकर मागवणार अशी बोलवा होतीच. मी मनातल्या मनात सेक्रेटरीला आशीर्वाद दिला, एक कॅन आत ओढला आणि बायको अंघोळीला गेलीय तोवर चहा टाकला. तिने बाहेर येऊन कौतुक करावं, एवढीच माफक अपेक्षा.

चहा फाटला. मी दूधवाल्याचा उद्धार केला. सुनंदाने एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"साखर समजून मीठ टाकलंत?"

मी साखरेचा डबा दाखवला, चमचा दाखवला, मुलांची शपथ घ्यायला निघालो. तेवढ्यात दारात एक उंच, वाळके गृहस्थ येऊन उभे राहिले. लेंगा, बंडी, खांद्यावर पंचा.

"माझा एक कॅन चुकून तुमच्याकडे आलाय का?"

"काका, तुम्हीच सांगा," सुनंदाने कप त्यांच्यापुढे धरला, "याला चहा म्हणायचं का?"

त्यांनी शांतपणे घोट घेतला. डोळे मिटले. गवई सूर ओळखतो तसे क्षणभर थांबले.

"माझंच पाणी," ते म्हणाले. "अर्नाळ्याचं." आणि उभ्या उभ्या अख्खा कप संपवून टाकला. "एवढ्या लांबून आणलेलं असतं. ओतून टाकवत नाही."

हे आमचे शेजारी अप्पा घैसास. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. पत्नी आम्ही यायच्या आधीच गेलेली, मुलगा नागपूरला मोठ्या हुद्द्यावर. आणि घरात, जिथे लोक देव्हारा किंवा टीव्ही ठेवतात तिथे, समुद्र.

समुद्र म्हणजे काचेची एक टाकी. बाजारात गोड्या पाण्यातले सोनेरी मासे मिळतात, ते पाळणाऱ्यांकडे अप्पा जरा वरूनच बघायचे. "ते काय, बादलीतसुद्धा जगतात," असं म्हणायचे. खाऱ्या पाण्याचा थाट वेगळा. पण तो थाट पेन्शनीत बसवायचा, म्हणून अप्पांनी सगळं घरगुती केलेलं. पहिली टाकी लोखंडी चौकटीची होती. खाऱ्या पाण्याने चौकट गंजून खाल्ली आणि खालच्या सामंतांच्या छतातून समुद्र ठिबकला. दुसरी नुसत्या काचा चिकटवून केली. पाण्याचा खारटपणा मोजायला परदेशी उपकरण लागतं. अप्पांनी होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी शिशी घेतली, तिच्यात बारीक वाळू भरून बूच मेणाने बंद केलं आणि खऱ्या समुद्राच्या पाण्यात सोडून, जिथवर बुडाली तिथे रेघ मारली. रेघ सुनंदाच्या नेलपॉलिशची. टाकीतलं पाणी उडून खार वाढला की शिशी वर यायची आणि रेघ दिसायला लागायची. मग त्यात साधं पाणी घालायचं. समुद्राचं नाही, साधं. "पाणी उडतं, मीठ उडत नाही, कुलकर्णी," हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की माझ्या मुलाने ते परीक्षेत लिहिलं आणि मार्कही मिळवले.

तळाला शिंपल्यांचा चुरा लागतो. त्यासाठी हा शुद्ध शाकाहारी माणूस दर रविवारी जेवणं उरकली की बिल्डिंगभर फिरायचा.

"सामंतवहिनी, आज तिसऱ्या होत्या का?"

"होत्या की अप्पा! वाटीभर देऊ?"

"छे छे. शिंपल्या तेवढ्या."

मग गच्चीत बसून, नाकाला पंचा बांधून, त्या शिंपल्या कुटायच्या. माशांना खायला चिमूटभर कोलंबी लागायची. ती ते कोळणीकडून घ्यायचे. पार्वतीबाई टोपली उतरवून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारायची, "यवरीच कोलबी? मांजर पाललंय का काय, अप्पा?" पण तिचाच दीर मासळीच्या टेम्पोतून अप्पांचे कॅन भरून आणायचा, म्हणून अप्पा निमूट ऐकून घ्यायचे.

आम्ही आलो तेव्हा टाकीत नुसतं पाणीच होतं. हवेचे बुडबुडे, वर ट्यूबलाइट, आणि समोर खुर्ची टाकून अप्पा. कितीतरी आठवडे हा कार्यक्रम चालू होता.

"अप्पा, मासे कुठायत?"

"येतील. आधी पाणी पिकू दे."

पाणी पिकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. नवीन पाण्यात मासा टाकला की मरतो. पाण्याला स्वतःची सवय व्हावी लागते, असं अप्पांचं म्हणणं. "पाणी पिकू दे" हे त्यांचं उत्तर पुढे कशालाही लागू व्हायचं. सामंतांच्या मुलीचं लग्न लांबलं, पाणी पिकू दे. माझं प्रमोशन अडलं, पाणी पिकू दे.

अखेर पाणी पिकलं आणि मंडळी राहायला आली. दोन पट्ट्यापट्ट्यांचे मासे, बोटाएवढे. एक कायम दगडाखाली बसणारा, ज्याला आम्ही कुणी कधी पाहिला नाही, पण अप्पा आहे म्हणायचे. आणि दुसऱ्याच्या शंखात शिरून राहणारा एक खेकडा, त्याचं नाव भाडेकरू. त्याला मोठी जागा हवी झाली की अप्पा टाकीत वेगवेगळे रिकामे शंख मांडून ठेवायचे. तो प्रत्येकाच्या दारात जाऊन आत वाकून बघायचा आणि परत आपल्याच शंखात. "पसंत नाही पडली. दक्षिणेला तोंड असेल," अप्पा म्हणायचे. सगळ्यांना अहोजाहो. "जेवलात का? सरका, त्यांनाही घेऊ द्या."

अप्पांचं दुसरं लाडकं वाक्य होतं, "निघालोच असतो हो, पण या मंडळींचं काय?"

कारण डोंबिवलीची वीज. ती गेली की हवेचा पंप बंद आणि मासे वर येऊन तोंडं उघडायला लागायचे. त्यावर अप्पांनी ट्रकच्या चाकाची जुनी ट्यूब आणलेली. सायकलच्या पंपाने ती टम्म फुगवायची आणि बारीक नळीने तिच्यातली हवा हळूहळू पाण्यात सोडायची. वीज येईपर्यंत हा माणूस पंप मारत बसायचा. त्यामुळे बिल्डिंगची सहल निघो, कुणाचं लग्न असो, अप्पा कुठेच जात नसत. आणि नागपूरला तर नाहीच. "मुलगा मागे लागलाय. सून तर म्हणते, अप्पा, तुम्ही आल्याशिवाय दिवाळी नाही. निघालोच असतो, पण…" आणि टाकीकडे हात.

आम्हाला याचं कौतुकही वाटायचं आणि रागही यायचा. खात्याच्या कृपेने बिल्डिंगमधला एकुलता एक फोन अप्पांकडे होता. दिवसभर वाजायचा. अप्पा रिसीव्हर कानाला लावून "हॅलो" म्हणायचे, थोडं थांबायचे, आणि मग जिन्यात येऊन हाक द्यायचे, "सामंत, तुमचा!" "कुलकर्णी, सासूबाई!" बोलणाऱ्याला खुर्ची देऊन स्वतः टाकीकडे तोंड करून बसायचे, म्हणजे बोलणाऱ्याला संकोच नको.

मग नातवाची मुंज आली. अप्पांनीच सांगितलं. नागपूरला, मोठी, हॉल घेऊन. "निघालोच असतो," ते म्हणाले, "पण…"

या वेळी आम्ही ऐकलं नाही. सामंतवहिनींनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "अप्पा, माशांपायी नातवाची मुंज चुकवणार? लोक काय म्हणतील?" आणि मी, ज्याच्या हातून चहा होत नाही तो मी, पुढे झालो. म्हणालो, "मी सांभाळतो."

अप्पा हसले. "तुम्हाला नाही जमायचं."

हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आलोय. मी इरेला पेटलो. रोज संध्याकाळी जाऊन बसायला लागलो. शिशीची रेघ वाचायला शिकलो, नळाचं पाणी उघडं ठेवून, औषधाचा वास गेल्यावरच घालायला शिकलो, कोलंबी किती बारीक चिरायची ते शिकलो. पंप मारून मारून माझा दंड दुखायला लागला. मी जसजसा शिकत गेलो तसतसे अप्पा नवीन अडचणी काढत गेले. भाडेकरू अनोळखी माणसाच्या हातचं खात नाही. दगडाखालच्याला आवाज सहन होत नाही. एकेक अडचण मी पार केली. भाडेकरूने माझ्या हातची कोलंबी ओढून घेतली तेव्हा मी टाळी वाजवली. अप्पांनी नाही वाजवली.

"जमलं की तुम्हाला," एवढंच ते म्हणाले.

मला वाटलं, मंडळींपासून दूर जायचं म्हणून वाईट वाटतंय. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना धाडलं. नवा शर्ट शिवला होता, त्याला सुनंदाने इस्त्री करून दिली. वहिनींनी लाडू दिले. रिक्षात बसताना त्यांनी तीनदा विचारलं, "नक्की जमेल ना? नाहीतर राहू दे." आम्ही हसून रिक्षावाल्याला म्हटलं, चल.

मुंजीच्या दिवशी आम्ही खडवलीला होतो. तिथे सुनंदाची आत्या राहायची, तिला बघायला गेलेलो. वीज गेलीच तर म्हणून ट्यूब फुगवून, सामंतवहिनींना तिच्याजवळ बसवून मी निघालो होतो. जेवणं झाल्यावर मुलांना घेऊन नदीवर गेलो. पाण्यात पोरं हुंदडत होती, घाटाच्या पायऱ्यांवर सहलीला आलेल्यांचे डबे उघडलेले. थोडं पलीकडे, झाडाखाली, एक गृहस्थ एकटेच बसले होते. शेजारी बॅग. पुढ्यात कागदावर चुरमुरे. एकेक चुरमुरा पाण्यात टाकत होते आणि वर येणाऱ्या माशांशी काहीतरी बोलत होते. अंगात नवा शर्ट.

मी "अप्पा" म्हणायला तोंड उघडलं आणि सुनंदाने माझी बाही धरली.

"हाक मारू नका."

"अगं, पण मुंज…"

"हळू बोला." ती बघत राहिली. "इतक्या दिवसांत अप्पांनी स्वतःसाठी घेतलेला एक तरी फोन आठवतोय तुम्हाला?"

मी आठवून पाहिलं. सासूबाई आठवल्या, सामंतांचे जावई आठवले.

"कुणी बोलावलेलंच नव्हतं हो त्यांना," ती म्हणाली. "मुंज कळली असेल कुणाकडून तरी."

तिथल्या देवळाजवळ उतरायला खोल्या मिळतात. खडवलीची गाडी कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे, म्हणजे नागपूरच्याच दिशेने जाते. त्या दिशेने अप्पा तेवढेच गेले होते. आम्ही मुलांना हाताला धरून, आडोशाआडोशाने, चोरासारखे परत फिरलो.

ठरल्या दिवशी अप्पा आले. हातात संत्री. संत्री नागपूरचीच होती. संत्री कुठेही घेतली तरी नागपूरचीच असतात. संध्याकाळी सगळे त्यांच्या घरी जमलो आणि अप्पांनी मुंज सांगितली. हॉल केवढा होता, जेवणात काय होतं, नातू मांडीवरून कसा उठेना, सून निघताना कशी रडली. सामंतवहिनींनी डोळ्याला पदर लावला. मी संत्र्याच्या शिरा काढत खाली बघत होतो. माझ्या आयुष्यात एवढं स्वच्छ संत्रं मी कधी सोललं नाही.

मग सगळे गेले आणि अप्पा टाकीसमोर बसले. शिशी बरोब्बर रेघेवर तरंगत होती. काच लख्ख. पट्टेवाले मजेत. भाडेकरूने तर मधल्या काळात जागा बदललेली, अप्पांनी मांडलेला मोठा शंख त्याला अखेर पसंत पडलेला.

"छान ठेवलंत हो," ते म्हणाले. "अगदी माझ्यासारखं." पंच्याने त्यांनी स्वच्छच असलेली काच उगाच पुसली. "म्हणजे आता काय… दिवाळीलाही जाता येईल. बोलावलंयच त्यांनी."

अशी शाबासकी मिळाली की अभिमान वाटेल, असं मला वाटलं होतं. मी "येतो" म्हणालो आणि घरी येऊन खुर्चीत बसून राहिलो. सुनंदा तांदूळ निवडत होती. अप्पा काय म्हणाले ते मी तिला सांगितलं. तिने ताटातून डोळे वर केले नाहीत.

"उद्या सकाळी जा आणि त्यांना सांगा, पुन्हा मला हे जमायचं नाही," ती म्हणाली. "म्हणावं, मासे मरतामरता वाचले, सामंतवहिनी होत्या म्हणून. अप्पा, तुम्ही आता कुठेही जायचं नाही. वहिनींना मी सांगते काय ते. आणि काळजी करू नका, विश्वास बसेल त्यांचा. तुमचा चहा प्यालेत ते."