वीरअप्पांचा शनी

दुर्बिणीला डोळा लावलेल्या माणसाला वीरअप्पा सहजासहजी सोडत नसत. काय दिसलं ते सांगितल्याशिवाय पुढं सरकायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. नुसतं ‘छान’ म्हणून सुटका होत नसे. “छान तर समदंच हाय. काय दिसलं ते सांगा की,” म्हणत ते बाही धरून ठेवत आणि मागं रांग खोळंबून राही. मी शहाणा. पहिल्या दिवसापासून न बघताच त्यांच्या व्याख्यानातली दोन वाक्यं त्यांना परत ऐकवायचो आणि घरी जायचो.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. जिल्हा म्हटला की वस्तुसंग्रहालय हवंच, म्हणून चार नाकतुटक्या मूर्ती आणि एक गंजकी तलवार गोळा करून ते उघडण्यात आलं. बघायला कुणी फिरकेना, तेव्हा दर शनिवारी संध्याकाळी व्याख्यान आणि नंतर गच्चीवर आकाशदर्शन सुरू झालं. वीरअप्पा मूळचे उदगीरचे, तुरीचे व्यापारी. दुकान मुलांच्या हवाली करून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून, स्वतःची दुर्बीण घेऊन ते हजर होत. मी शाळामास्तर, त्यामुळे खुर्च्या भरायला हक्काचा माणूस.

साल दुष्काळाचं. अख्खा जिल्हा एका ढगासाठी माना वर करून बसलेला, आणि अप्पा खुशीत सांगत, “औंदा आभाळ लई साफ हाय.” ढग यांनीच हाकलून लावले असावेत, अशा नजरेनं लोक त्यांच्याकडं बघत. एकदा व्याख्यान ऐन रंगात आलं असताना बाहेर पाण्याचा टँकर आला आणि श्रोते घागरींकडं पळाले. मी आणि शिपाई, एवढेच उरलो. अप्पांनी आम्हा दोघांना पुढची पाऊण तासाची गुरूच्या चंद्रांची हकीकत सविस्तर ऐकवली.

मग एका शनिवारी नवे मोठे साहेब प्रमुख पाहुणे म्हणून आले. शनी दाखवायचा होता. अप्पांनी ठरल्या वेळेच्या हिशेबानं दुर्बीण आधीच लावून ठेवली, कठड्यातल्या एका खिळ्यापासून बोटं मोजत, पुटपुटत. मला ती त्यांची आणखी एक तऱ्हा वाटली. खाली सत्कार सुरू झाले. साहेबांचा झाला, साहेबांच्या मेहुण्यांचा झाला, मग ज्यांनी सत्कार केले त्यांचे झाले. शाल-श्रीफळात तास गेला आणि शनी तेवढ्यात आपल्या वाटेनं पुढं निघून गेला.

साहेबांनी साडेसातीच्या धास्तीनं आधी हात जोडले, मग डोळा लावला. काय दिसलं, अप्पांनी विचारलं. कडी, फार सुंदर कडी, साहेब म्हणाले. त्यानंतर कडी सगळ्यांनाच दिसली. एका व्यापाऱ्याला तर दोन दिसल्या. सगळे समाधानानं चहाला खाली गेले.

शेवटी माझी पाळी. आज खरंच डोळा लावला, तर आत मिट्ट काळोख. वर पाहिलं तर शनी नळीच्या रोखापासून चांगला वीतभर बाजूला, नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. आता अप्पांची फिरकी घ्यायची, म्हणून मी वळलो. ते माझ्या खांद्यापलीकडं कुठंतरी बघत होते आणि हातानं माझी बाही शोधत होते.

“अप्पा, तुम्हाला दिसत नाही का?” मी हळूच विचारलं.

त्यांनी आधी जिन्याच्या दिशेनं कानोसा घेतला.

“काचबिंदू हाय, गुरुजी. दोन सालं झाली. घरी कळलं तर जिना चढू देनार न्हाईत.”

माझी मलाच लाज वाटली. इतके शनिवार हा माणूस आमच्या डोळ्यांनी आभाळ बघत होता, आणि मी त्याला त्याचीच वाक्यं परत करत होतो.

मी नळी सरकवली. चाचपडत चाचपडत शनी सापडला. कडी खरोखरच होती.

“सांगा की,” अप्पा म्हणाले.

मी सांगितलं. पिवळसर आहे, तुरीच्या डाळीएवढा. भोवती कडी, जराशी तिरकी. गोळा आणि कडी यांच्यामध्ये बारीक काळी फट आहे.

“फट बी दिसली?” त्यांनी माझी बाही घट्ट धरली. “मलाबी दिसायची.”

पुढच्या शनिवारपासून मी गच्चीवर सगळ्यांच्या आधी जाऊ लागलो, नळी नीट लावायला. आणि रांगेत शेवटी उभा राहू लागलो. सगळ्यांचं ‘छान’ ऐकून झालं की अप्पा माझी बाही धरत आणि मी सावकाश सांगायला लागे.