पत्र्याखालचं फिजिक्स

उमरीच्या कॉलेजातली कायमची नोकरी सोडून श्रीपादरावांनी लातुरात फिजिक्सचा क्लास काढला, आणि महिना भरायच्या आत भूकंप झाला. खोलीच्या भिंती तडकल्या, मुलं आपापल्या गावी गेली. 'उमरीची जागा अजून भरलेली नाही,' असा सासऱ्यांचा निरोप आला. तो दर आठवड्याला येऊ लागला.

अशा वेळी धावून आलं ते उद्योग संगोपन केंद्र. नवे धंदे तगावेत म्हणून केंद्र त्यांना नाममात्र भाड्यानं जागा आणि फुकट सल्ला देई. जागा म्हणजे पत्र्याचं शेड. सल्ला म्हणजे धोंडप्पा साहेब.

शेडमध्ये क्लास असा भरला, की मुलं दाराबाहेर उभी राहून गुरुत्वाकर्षण शिकू लागली. हे आपल्या शिकवण्याचं यश, असं श्रीपादरावांना वाटलं. वर्षभरानं धोंडप्पा म्हणाले, "सर, पिल्लू उडायला लागलं. आता घरटं खाली करा."

श्रीपादरावांनी शंकरप्पांच्या नव्याकोऱ्या तीन मजली इमारतीचा पहिला मजला घेतला. अहमदपूरचे शेषेराव मुलाला सोडायला आले. त्यांनी फळ्याकडे पाहिलंच नाही. वर पाहिलं.

"सर, तुम्ही शिकवता लई चांगलं. पर हे वर काय हाय?"

"स्लॅब."

"हाव, तेच म्हणून राहिलो. पत्रा पडला तर टेंगूळ येतं. बारावीला टेंगूळ चालून जातं."

श्रीपादरावांनी इंजिनिअरचा दाखला पुढे केला.

"इंजिनिअर हितं राहतेत का?"

"ते नाही. पण मालक इथंच राहतात."

शेषेरावांनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. अंगणात बाज होती, तिला मच्छरदाणी होती, आणि बाजेवर बसून मालक चहा पीत होते.

श्रीपादराव तडक खाली गेले. "शंकरप्पा, तुम्ही आत का झोपत नाही?"

"आत लई उकडतंय, सर."

डिसेंबर चालू होता. शंकरप्पांच्या कानांना मफलर होता.

मुलं गळू लागली. श्रीपादराव केंद्रात गेले. "पालकांचा विश्वास वाढवावा लागेल," धोंडप्पा म्हणाले, "मी स्वतः येऊन बोलतो." ते आले. बोललेही झकास, पण सगळं भाषण त्यांनी उंबऱ्यात उभं राहून, एक पाय जिन्यावर ठेवून केलं. उरलेले पालक त्या पायाकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांचीही मुलं आली नाहीत. सासऱ्यांचा निरोप मात्र आला.

शेवटी श्रीपादरावांनी फळा खाली आणला, मालकांची बाज हलवायला लावली आणि अंगणात मांडव घातला. पंधरवड्यात मांडव भरला. पार हिमायतनगरहून मुलं आली. पहिला मजला बाकांना राहायला दिला.

पंचाईत झाली ती शंकरप्पांची. ते धोंडप्पांकडे जाऊन झोपायला रिकामं शेड मागू लागले.

"शेड नवउद्योजकांसाठी आहे. तुमचा धंदा काय?"

"इमारत भाड्यानं देतो."

"कसा चाललाय?"

"वरचे मजले कुणी घेऊन न्हाई राहिलं, साहेब. पहिल्या मजल्यावरच्यानं अंगण घेतलं."

"म्हणजे धंदा नवा आहे आणि संकटात आहे," धोंडप्पा म्हणाले, आणि शेडची किल्ली त्यांच्यापुढे सरकवली.