चित्राला फुटलेला लाल घाम

माझी नजर इतकी तीक्ष्ण आहे की गुन्हेगार मला पाहून आधी स्वतःचेच खिसे तपासतात. माझ्या बुद्धीबद्दल मी स्वतः बोलणं बरं दिसत नाही. पण दुसरं कुणी बोलतच नाही, त्याला मी काय करणार? माझ्या सहायक म्हणून सासूबाई काम पाहतात. ‘आई, यांना एकटं सोडू नकोस गं,’ असं बायकोने त्यांना बजावलंय.

त्या सकाळी कलासंग्रहालयाच्या संचालकबाईंनी आम्हाला बोलावलं. भिंतीवर महायुद्धानंतरच्या काळातलं भलंमोठं अमूर्त चित्र होतं. अमूर्त म्हणजे त्यात घर नाही, गाय नाही, माणूस नाही. नुसता रंग, तोही बोटभर जाड थापलेला. मधला लाल गोळा तर चांगला मुठीएवढा. आठवडाभर त्या गोळ्याखाली रोज नवा ओघळ दिसत होता.

“हाच बोटं घालतो त्यात,” बाई म्हाताऱ्या पहारेकऱ्याकडे बघत म्हणाल्या. “बाहीला लाल रंग सापडलाय. बारा वाजता याला कामावरून काढतेय मी.”

“साहेब, मी फक्त पुसत होतो हो!” तो रडवेला झाला. “ओघळ दिसला तर माझ्यावरच येईल म्हणून. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. आता या वयात मला कोण ठेवून घेणार?”

“घाबरू नका,” मी म्हणालो. “निर्दोष माणसाला मी आजवर दोनदाच पकडून दिलंय.”

शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं: तैलरंग, वाळू, गोणपाट. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “वाळू! गोणपाट! गुन्हेगार बांधकाम कंत्राटदार आहे!”

“ते साठ-सत्तर वर्षांपासून चित्रातच आहे,” बाई म्हणाल्या. “पोत यावा म्हणून चित्रकारानेच घातलंय.”

“मग म्हातारा कंत्राटदार आहे.”

बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, इथे लाल आणि काळ्याचा संघर्ष आहे. तो समजून घ्या.”

“असं आधी सांगायचं ना!” मी वही काढली. “हा काळ्या राहतो कुठे?”

घड्याळात पावणेबारा झाले होते. पहारेकरी टोपी काढून हातात घेऊन उभा होता. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी सासूबाईंवर डाफरलो. “चित्राला चिकटून काय उभ्या राहताय? मागे व्हा!”

“थांबा हो जावईबापू. इथे दुखऱ्या खांद्याला छान शेक मिळतोय.”

इतक्यात टप्पकन त्यांच्या पांढऱ्या शालीवर लाल थेंब पडला. आणि पहारेकरी तर दहा पावलं लांब!

सासूबाईंनी वर पाहिलं. “हा दिवा कधी लावला?”

“गेल्या सोमवारी. मीच लावून घेतला,” बाई म्हणाल्या. “असा वरून तिरपा उजेड पडला की खडबडीतपणा उठून दिसतो.”

“मग त्याच्या शेकाने रंग गळणार नाही तर काय? एवढ्या जाड थराने नुसती वरून साय धरलीय. इतक्या वर्षांनीही आत ओलाच आहे तो.”

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी दिवा बंद केला.

“मी हेच म्हणणार होतो,” मी म्हणालो. कुणीही ऐकलं नाही.

“चुकलं माझं,” बाई पहारेकऱ्याला म्हणाल्या. “तुमची नोकरी कुठेही जात नाही. आणखी काही हवं असलं तर सांगा.”

“खुर्ची,” तो म्हणाला. “अठरा वर्षं उभा आहे मी या चित्रासमोर. पाय गेले माझे.”

बाईंनी स्वतःच्या खोलीतली गादीची खुर्ची स्वतः ओढत आणली. त्याने ती उचलली, चित्राकडे पाठ करून ठेवली आणि ऐसपैस बसला.

“अहो, मग चित्रावर लक्ष कोण ठेवणार?” मी विचारलं.

“तुम्ही ठेवा की,” म्हणत त्याने डोळे मिटले.