आमच्या घरातल्या दोन गारुफालिया

गावात कुणालाही विचारा, अपोस्तोलिस कुर्तेलास शब्दाचा पक्का. एकदा 'नाही बघणार' म्हटलं की नाही बघणार! त्या दिवशी सकाळी बसथांब्यावर मी माझ्या लियाला हेच सांगत होतो. विद्यापीठाच्या प्रवेशाचा निकाल दुपारी दोनला लागणार होता. घरात बसून नखं खाण्यापेक्षा लिया आणि तिची चुलतबहीण रूला वर्गातल्या पोरींबरोबर समुद्रावर निघाल्या होत्या. फोन बंद ठेवायचे, संध्याकाळी परत आल्यावर निकाल आपला आपण बघायचा, तोवर घरच्यांनी हात लावायचा नाही, असा करार होता. मी छातीवर हात ठेवून कबूल केलं. दोन वाजून चौदा मिनिटांपर्यंत मी तो पाळला, एवढं माझ्या बाजूनं लक्षात ठेवा.

आता थोडं घरचं सांगतो, नाहीतर पुढचा घोळ तुम्हाला कळायचा नाही. लिया आणि रूला ही लाडाची नावं. कागदोपत्री दोघीही गारुफालिया कुर्तेला! (आमच्याकडे बायकांच्या आडनावातला शेवटचा 'स' गळतो.) आमच्यात मुलीला आजीचं नाव ठेवतात. मी ठेवलं. अकरा दिवसांनी माझ्या धाकट्या भावाला, अखिलीसला, मुलगी झाली आणि त्यानंही तेच ठेवलं. मी म्हटलं, अरे, ते ठेवून झालंय. तर म्हणतो कसा, आई काय तुझ्या एकट्याची आहे? त्यावरून आम्ही दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. आई मात्र खूश होती, आणि पोरींचं तर पहिल्यापासून एकमेकींवाचून पान हलत नाही.

रूलाला लहानपणापासून डॉक्टर व्हायचं होतं. लियाला डॉक्टर करायचं माझ्या मनात होतं. तिच्या स्वतःच्या मनात काय होतं? चीज! म्हणे, मला दूधदुभत्याचं शास्त्र शिकायचंय. माझा बाप जन्मभर शेळ्यांमागे धावला, त्याच्या अंगाचा वास रविवारच्या कोटातूनसुद्धा यायचा. आम्ही मरमर करून त्यातून बाहेर पडलो, आणि ही विद्यापीठात जाऊन परत तिथंच येणार! पसंतीक्रमाचा अर्ज मी शेजारी बसून भरून घेतला. देशात जेवढी मेडिकल तेवढी ओळीनं वर, मग दातांचं, मग औषधांचं. वर बजावलं की यातलं काही मिळालं नाही तर आणखी एक वर्ष क्लास आणि पुन्हा परीक्षा. त्या दिवसापासून पोर माझ्याशी धड बोलत नव्हती. जेवताना मीठ माझ्यासमोर असलं तरी तिच्या आईकडे मागायची. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही, चांगलंच वाईट वाटत होतं. पण म्हटलं, डॉक्टर झाली की बोलेल.

तर दोन वाजून चौदा मिनिटं. उन्हाचा कहर, अख्खं गाव दुपारच्या झोपेत. माझी बायको वाया घोरत होती. मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि पाय आपोआप खाली आईच्या खोलीकडे वळले. त्याला कारण होतं. आईनं दोन्ही नातींची परीक्षेची ओळखपत्रं वसंत ऋतूपासून मारियामातेच्या तसबिरीमागे ठेवली होती, वर चोवीस तास दिवा. निकाल बघायला लागणारा नंबर त्या ओळखपत्रावर होता. आईही झोपली होती. मी तसबिरीमागे दोन बोटं घातली आणि एक कार्ड ओढलं.

कार्ड तेलानं चिंब! दिवा गळत असणार. नंबर दिसत होता, 'कुर्तेला गारुफालिया' दिसत होतं. बापाच्या नावातलं नुसतं 'अ' दिसत होतं, पुढे सगळं तेल. मला 'अ' पुरला. आता तुम्ही म्हणाल, अहो, पण अखिलीसचाही 'अ'च की! बरोबर आहे. तुम्ही सावलीत बसून वाचताय म्हणून तुम्हाला सुचतंय.

फोनवर नंबर घातला. मग ते आडनाव, नाव, बापाचं नाव आणि आईचं नाव यांची पहिली अक्षरं विचारतात, म्हणजे कार्ड चुकलं तर तिथं तरी अडायला हवं. मी घातलं क, ग, अ, व. माझी बायको वाया. आणि अखिलीसची? वासो! चारी अक्षरं जुळली, दार उघडलं, आणि समोर आलं: मेडिकल. लियानं सगळ्यात वर लिहिलेलं, शेजारच्या शहरातलं, बसनं दीड तासावरचं मेडिकल.

पुढची दहा मिनिटं मला तुटक आठवतात. वायाला गदागदा हलवून उठवलं, तिला सांगितलं, आणि तसाच सपाता घालून चौकात धावलो. चौकात चिटपाखरू नव्हतं. एवढी मोठी बातमी आणि ऐकायला एक कुत्रं, तेही झोपलेलं! मग माझ्यासमोर चर्चची घंटा आली. म्हणजे मीच तिच्यासमोर गेलो, दोरी धरली आणि जीव खाऊन ओढली.

जुलैच्या दुपारी आमच्याकडे घंटा एकाच कारणानं वाजते. रानाला वणवा लागला की! पाच मिनिटांत गाव बनियनवर रस्त्यात. बाया बादल्या घेऊन, म्हातारे ओले टॉवेल डोक्यावर घेऊन. पाण्याचा टँकर घेऊन स्ताथिस आला तो थेट चौकातल्या फुलझाडांवरून. पाद्रीबाबा झिसिस अनवाणी धावत आले आणि आग कुठल्या बाजूला आहे म्हणून विचारू लागले.

मी म्हटलं, "बाबा, माझी पोर मेडिकलला लागली."

स्ताथिसनं टँकरचं इंजिन बंद केलं. मग एका आजीबाईनं हातातली बादली माझ्या अंगावर रिकामी केली. ते अभिनंदन होतं की राग होता, मी विचारलं नाही. पण गाव मनानं मोठं. शिव्या देऊन झाल्यावर सगळ्यांनी माझे गालगुच्चे घेतले. त्रिफोननं कॉफीचं दुकान उघडलं, खुर्च्या सावलीत ओढल्या, आणि माझ्याकडून सगळ्यांना त्सिपुरो! ती दारू दुपारच्या उन्हात प्यायची नसते. मी चार ग्लास प्यालो.

पार्टी चांगली तीन तास चालली आणि मग अखिलीस आला. चेहरा असा, की मी ग्लास खाली ठेवला. अभिनंदन म्हणाला, मिठी मारली, आणि बाजूला घेऊन हळूच सांगितलं की घंटा ऐकून त्यालाही राहवलं नाही. तोही आईच्या खोलीत गेला होता. तसबिरीमागे उरलेलं कार्ड त्यानं काढलं होतं.

"दादा, आमच्या रूलाला दूधदुभतं लागलंय," तो म्हणाला. "तिनं ते लिहिलं तरी कधी? मला तर सगळी मेडिकलच दाखवली होती. आता बसमधून उतरली की काय सांगू मी तिला?"

डोळे भरले होते त्याचे. माझ्या डोक्यात तिथंच उजेड पडायला हवा होता. पण डोक्यात त्सिपुरो होती, आणि भावाची माया दाटून आली होती. शिवाय, कशाला खोटं बोलू, थोडा आनंदही होता. मी त्रिफोनच्या खुर्चीवर चढलो आणि भाषण ठोकलं. असं भाषण मी जन्मात केलं नव्हतं.

"अखिलीस, रडतोस काय? पोरीनं ते स्वतःच्या हातानं लिहिलंय, म्हणजे तिला ते हवंय! आपला बाप शेळ्या राखायचा, त्याच्या चीजवर आपण वाढलो, त्याची लाज कसली? आपली हौस पोरीच्या गळ्यात बांधायची नसते. आणि जो बाप पोरीला तिच्या मनाचं शिकू देत नाही, त्यानं या चौकात तोंड दाखवू नये!"

टाळ्यांचा कडकडाट. पाद्रीबाबांनी डोळे पुसले. अखिलीस नाक ओढत म्हणाला की दादा, तू म्हणतोस तर तसंच करतो. मी खुर्चीवरून उतरायला वळलो, तर मागे बस उभी होती. केव्हाची, कोण जाणे. दारात लिया उभी होती, ओले केस, खांद्यावर टॉवेल, आणि माझ्याकडे एकटक बघत होती. तिच्या काखेखालून रूला सुसाट बाहेर आली आणि बापाच्या गळ्यात पडली.

"बाबा, मेडिकल! बसमध्येच बघितलं! नंबर पाठच होता, राहवलंच नाही!"

अखिलीसनं माझ्याकडे बघितलं. मी पाद्रीबाबांकडे बघितलं. सगळा चौक बोटांवर हिशेब मांडत होता: दोन गारुफालिया, एक मेडिकल, एक दूधदुभतं. पहिला हिशेब स्ताथिसचा झाला. तो "अरे देवा" म्हणाला आणि खाली बसला.

लिया माझ्यासमोर आली.

"तू उठून गेल्यावर मी अर्ज बदलला, बाबा. दूधदुभतं सगळ्यात वर टाकलं. आज तुला कसं सांगू म्हणून दिवसभर पाण्यात पायसुद्धा घातला नाही मी. केस रूलानं बाटलीनं भिजवले, तुला संशय येऊ नये म्हणून." मग तिनं श्वास घेतला. "आत्ता काकाला जे सांगत होतास, ते मला सांग."

मी तोंड उघडलं. एक शब्द आठवेल तर शपथ! भाषण कुठल्या कुठे गेलेलं. इतका वेळ गेला की त्रिफोनलाच दया आली. तो काउंटरमागून हळूच म्हणाला, "पोरीनं ते स्वतःच्या हातानं लिहिलंय..."

मी म्हटलं, "पोरीनं ते स्वतःच्या हातानं लिहिलंय."

"म्हणजे तिला ते हवंय," बादलीवाल्या आजीबाई म्हणाल्या. मी म्हटलं. बापाच्या शेळ्यांचं अखिलीसनं सांगितलं, मी म्हटलं. हौस गळ्यात बांधण्याचं पाद्रीबाबांनी सांगितलं. ते म्हणताना मात्र माझा आवाज फुटला, कारण तोवर मी नुसतं मागून म्हणत होतो आणि आता मला ते ऐकू यायला लागलं होतं. पोर कशी वाळली होती ते मला त्या उन्हात पहिल्यांदा दिसलं. तोंड दाखवण्याचं शेवटचं वाक्य स्ताथिस ओरडून सांगणार होता, पण मी त्याला हातानं थांबवलं.

"जा, लिया," मी म्हटलं. "शीक ते. मी चुकलो."

ती माझ्या गळ्यात पडली. सगळ्यांसमोर रडलो, लपवत नाही. नंतर तिच्या हातात हात घालून घरी निघालो, वाटेत ती एकटीच बोलत होती, आणि मला वाटलं, चला, सुटलो.

वाया चौकात आलीच नव्हती. मी तिला उठवून बातमी दिल्यापासून ती फोनला चिकटली होती. अथेन्स, श्टुटगार्ट, मेलबर्न, सगळं खानदान उरकून आता ती माझ्या सासूच्या मावसभावापर्यंत पोहोचली होती. आम्हाला बघून तिनं फोनवर हात ठेवला. चेहरा आनंदानं लालबुंद झाला होता.

"मेलबर्नचे मामा विचारतायत, गुडघ्याचं ऑपरेशन थांबवून ठेवू का? सहा वर्षं थांबायची तयारी आहे म्हणतात, पण करेल तर आपली लियाच."

मी लियाकडे बघितलं. लियानं माझ्याकडे बघितलं.

"त्यांना म्हणावं, थांबू नका," मी म्हटलं. "आणि विचार, चीज शेळीचं आवडतं की मेंढीचं."