तांबड्या, निळ्या आणि नामदेवकाका

आमचे नामदेवकाका भांडता भांडता मध्येच थांबतात. दमले म्हणून नव्हे हो! भांडण ऐन रंगात आलेलं असतं, भाजीवाली कंबरेवर हात ठेवून उभी असते, आणि काका एकदम पंजा वर करतात.

"थांब! आता मागचं सुरू."

मग नजर आभाळाकडे, आवाज खाली. "तुयी आजी याच जागी बसत होती. माया लग्नात टोपलंभर वांगे घेऊन आलती. पायी. चपला नव्हत्या तिच्या पायात." असं पाच मिनिटं चालतं. भाजीवाली पदरानं डोळे पुसायला लागते. तेवढ्यात पंजा खाली. "हं, झालं मागचं. आता सांग, वांगे इतके महाग काहून?"

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

काका नेरला आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. आधी गावी शेती केली, मग इथे येऊन पिठाची चक्की चालवली. चक्कीच्या आवाजावर बोलून बोलून त्यांचं साधं "या बसा" सुद्धा चार घरं ऐकतात. दोन वर्षांपूर्वी त्यांची पुण्याची नात सुटीत आली आणि त्यांच्या मोबाइलमध्ये एक जपानी मालिका टाकून गेली. चित्रांची. मी एकदा "कार्टून" म्हटलं तर काका केवढ्यानं ओरडले! "कार्टून नको म्हणू, ॲनिमे म्हण. नात रागावते."

त्यात दोन लहानपणचे मित्र आहेत आणि ते एकमेकांचे पक्के वैरी झालेत. जपानी नावं काकांच्या जिभेवर बसेनात, म्हणून केसांच्या रंगावरून एकाचं नाव तांबड्या आणि दुसऱ्याचं निळ्या. त्यांचं गाव उलटं लटकलेलं आहे, नदी आभाळातून वाहते, आणि शाळा सुटली की मुलांच्या सावल्या तेवढ्या घरी जातात, मुलं तिथंच राहतात. मला तर पहिल्या दिवशीच चक्कर आली. काकांना मात्र त्यात नवल काही वाटलं नाही. म्हणाले, "मे महिन्यात दुपारी नेरच्या स्टँडवर उभी राह्य. तुलेही नदी आभाळात दिसन."

भाग एकूण बारा. काकांनी ते इतक्या वेळा पाहिलेत, की त्यांच्या जेवणाच्या वेळाही भागांवर ठरतात. काकू वैतागून म्हणतात, "पोळी सातव्या भागाच्या आत खाऊन घ्या म्हणा त्याइले. मंग तांबड्या रडते न् हेही जेवत नाही."

बरं, नुसतं पाहून सोडतील तर ते काका कसले! गोष्ट कशी सांगितलीय, यावर त्यांचा सगळा जीव. तांबड्यानं ठोसा उगारला, की तो निळ्याच्या नाकापर्यंत पोचायच्या आत दोघांचं सगळं लहानपण दाखवतात. भाजीबाजारातलं "मागचं सुरू" तिथून उचललेलं. तसंच ते "मनातलं". त्या मालिकेत माणसं लढता लढता मनातल्या मनात लांबलचक बोलतात आणि आपल्याला ते ऐकू येतं. काकांनी हीही विद्या घेतली. आमच्याकडे चहाला आले की अर्ध्या तोंडावर हात धरतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "मनातलं: साखर कमी हाय. पण बोलाचं नाही. पोरगी दिवसभर शाळेत शिकवून थकली असन." मग हात काढून मला, "वा! चहा फक्कड झाला."

मी मुकाट्यानं साखरेचा डबा पुढे करते. दुसरं करणार काय?

एकदा मी म्हटलं, "काका, तो एकच ठोसा तीन-तीनदा काय दाखवतात? एकदा समोरून, एकदा मागून, एकदा वरून. वेळ काढतात मेले."

काका हसले नाहीत. "एकदा मारलेलं मारणारा विसरून जाते, पोरी. ज्याले लागलं त्याले तो रोज लागते. म्हणून तीनदा दाखवते तो."

काका असलं काही बोलून जातात आणि मग लगेच मोठ्यांदा शिंकतात, त्यामुळे ते मनावर घ्यायचं राहून जातं.

ही गोष्ट पोळ्याच्या आधीच्या आठवड्यातली. रविवार होता, दुपारी काकांनी मला शेवटचा भाग पाहायला बसवलं. शेवटी काय होतं, तर काहीच होत नाही. निळ्या शाळेत येतो. शेजारचा बाक रिकामा. आणि तो रिकामा बाक चांगला एक मिनिट तसाच दाखवतात. गाणं नाही, बोलणं नाही. संपलं.

"हे काय?" मी चिडलेच. "बारा भाग भांडले, आणि भांडण कशावरून झालं ते शेवटपर्यंत सांगितलंच नाही! ही काय गोष्ट सांगायची रीत झाली?"

"सांगाले लाज वाटली असन गोष्टवाल्याले," काका म्हणाले. "एवढंसं कारण असन. एवढ्याशा कारणापायी बारा भाग गेले, हे कोणत्या तोंडानं सांगावं?"

आणि मग पंजा वर न करता, आवाजही न चढवता काकांनी मला मारोतरावांबद्दल सांगितलं. गल्लीतल्या सगळ्यांचं मागचं त्यांनी आजवर सांगितलं होतं. हे एकच कधी सांगितलं नव्हतं.

मारोतराव त्यांचा लंगोटीयार. एका पाटीवर दोघं शिकले, एका विहिरीत पोहायला शिकले. आणि पोळ्याला मात्र दोघे समोरासमोर. आमच्याकडे पोळ्याला गावचे बैल तोरणाखाली उभे करतात आणि झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमकाचा टोला. एका बाजूनं एक हाणायचा, गावानं "हर हर महादेव" करायचं, मग दुसऱ्या बाजूनं उत्तर द्यायचं. नामदेव आणि मारोती यांची जुगलबंदी ऐकायला शेजारच्या गावांतून माणसं येत.

एका वर्षी पोळ्याला आठ दिवस असताना मारोतीचा एक बैल साप चावून मेला. तोरणाखाली त्याची जोडी पहिली उभी राहायची, बापापासूनचा मान होता, पण त्यासाठी जोडी घरचीच हवी. त्यानं गुपचूप सासऱ्याकडून एक बैल आणला. रंग तोच, उंची तीच. पहाटे दोघा मित्रांनीच गोठ्याचं दार लावून त्याची शिंगं रंगवली. गावात तिसऱ्या माणसाला पत्ता नव्हता.

आणि दुपारी तोरणाखाली मारोतीनं झडती हाणली:

"नाम्याच्या बैलाले रेशमाची झूल,
कामाचं नाव काढलं का देते हूल!"

गाव लोटपोट हसलं. नामदेवाला उत्तर सुचेना. लोक वाट पाहून राहिलेले, पोरं शिट्ट्या मारून राहिलेली. आणि मग सुचलं.

"मारोतीच्या जोडीचे शिंगं लालेलाल,
एक बैल घरचा, एक सासऱ्याचा माल!"

"यमक जुळलं पोरी," काका म्हणाले. "जुळलं न् तोंडातून निघून गेलं. असं चपखल मले आधी कधी सुचलं नव्हतं. गाव तर नाचाले लागलं. मारोतीनं काहीच म्हटलं नाही. जोडी वळवली न् तोरणाखालून घेऊन गेला. त्याची जागा तशीच मोकळी राह्यली. मी पाहून राह्यलो होतो तिकडे."

महिन्याभरात मारोतराव वणीला गेले. कोळशाच्या ट्रकवर लागले, मुलगाही तिकडेच स्थिरावला. बत्तीस वर्षं झाली, दोघांत एक शब्द नाही.

"मग जाऊन बोलायचं नाही का?" मी म्हटलं. डोळे भरून आले होते आणि रागही आला होता. "बत्तीस वर्षं, काका! वणी काय जपानात आहे?"

काकांनी मोबाइल खिशात घातला आणि ते उठले.

पोळा झाल्यावर मी बहिणीकडे बारशाला वणीला निघाले, तर स्टँडवर काका हजर. धुतलेलं धोतर, नवी टोपी. "मीही येतो," एवढंच. नेर ते यवतमाळ, यवतमाळ ते वणी, हा माणूस सगळ्या वाटेत चकार शब्द बोलला नाही. कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हासुद्धा माझ्याकडे बोट दाखवलं. चक्कीवाल्या नामदेवकाकांना असं पाहून मला काळजीच वाटली. म्हटलं, मारोतरावांनी दारातून हाकललं तर यांना परत कसं न्यायचं?

घर विचारत विचारत सापडलं. मारोतराव ओसरीवर तूर निवडत बसले होते. वाळकुडे, जाड भिंगांचा चष्मा. मान वर करून त्यांनी पाहिलं आणि ओळखलं. ओळखलं ते लगेच कळलं, कारण हात सुपातच थांबला.

"काहून आला?"

काका पायरीच्या खालीच उभे. टोपी हातात. शेवटी म्हणाले, "तो बैल... म्या सांगाले नव्हतं पाह्यजे, मारोती. चुकलं मायं. लय चुकलं."

मी देवाचं नाव घ्यायला लागले. मग मारोतरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

"यमक मात्र जबर होतं, साल्या," ते म्हणाले.

काकांनी मान वर केली.

"त्याले उत्तर जुळवून राह्यलो मी," मारोतराव म्हणाले. "ट्रक चालवता चालवता जुळवलं, रात्रपाळीत जुळवलं. बायको म्हणे, काय पुटपुटता? बत्तीस वर्षं झाले, नाम्या. 'माल'ले यमक पायजे तसं भेटलंच नाही. भेटलं असतं त कवाच आलो असतो नेरले."

नामदेवकाका पायरी चढले. सूप बाजूला सरकवलं आणि मित्राच्या शेजारी, मांडीला मांडी लावून बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"जुळव मंग," काका म्हणाले. "मी बसलो हावो. मले काही घाई नाही."