टेंपररी

बाळाराम भोईर यांच्या न्हाणीघराच्या दाराला लाल पत्र्याची पाटी टांगलेली दिसली, तर आत कुत्रा आहे असं समजावं. पाटीवर लिहिलेलं असतं : ‘धोका. माणसे काम करीत आहेत. स्विच चालू करू नये.’ खाली खडूनं सही आणि वेळ. पाहुणा कितीही अडचणीत असला तरी ती पाटी भोईरांशिवाय कोणी काढायची नाही. त्यांचे एक मेहुणे एकदा ओढ्याकडे जाऊन आले, पण पाटीला हात लावायची त्यांची छाती झाली नाही.

भोईर चौतीस वर्षं भिवपुरीच्या वीजकेंद्रात स्विचबोर्डवर होते. निवृत्त झाल्यावर कळंब रस्त्यावरच्या आमच्या बंगल्यांच्या कॉलनीत त्यांनी सात नंबर घेतला. मी सहा नंबरात राहतो. मधली भिंत छातीइतकी आहे. त्यामुळे त्यांच्याविषयी इथे जे लिहितो आहे ते बहुतेक पाहिलेलं आहे, ऐकीव थोडं.

कुत्री चार. त्यांतल्या तिघांना नावं आहेत खोपोली, चौक आणि कशेळे. गावोगाव वीज नेणाऱ्या लाइनीला फीडर म्हणतात आणि फीडरला गावाचं नाव असतं. भोईरांना दुसरी नावं सुचली नाहीत. कुत्रा भुंकला की ‘चौक ट्रिप झाला’. झोपला की ‘लोड उतरला’. सहा वर्षांपूर्वी बायको गेली, त्याविषयीही ते एवढंच बोलतात : ‘कायमचं शटडाऊन.’

दूध घालायला येणारी सुमन कशेळ्याची. तिनं एकदा विचारलं, “काका, आमच्या गावाचं नाव कुत्रीला कशापायी वो?”

“मान हाय तो, गं. चौतीस वर्षांत कशेळे माझ्या हातनं एकदाबी बंद नाय पडलं.”

सुमननं दूध घालणं थांबवलं नाही. पातळ केलं.

आमच्या कॉलनीत कुत्री गाडीतून दोनदा उतरतात. पहिल्यांदा मागच्या सीटवरून, गळ्यात रिबीन बांधून. दुसऱ्यांदा डिकीतून. दुसऱ्यांदा उतरलेली भोईरांकडे जमा होतात. मालक शनिवार-रविवार येतात, हिरवळीवर खुर्च्या टाकतात आणि कॉलनीत कुत्री फार झाल्याची तक्रार करतात.

चौथा कुत्रा पिवळा, मोठ्या डोक्याचा, डाव्या कानाला पैशाएवढं भोक असलेला. चौदा महिने तो भोईरांकडे होता, तरी त्याला फीडरचं नाव मिळालं नव्हतं. भोईर त्याला टेंपररी म्हणायचे. लग्नाच्या मांडवाला घेतात तसं टेंपररी कनेक्शन.

“चौदा महिने झाले,” मी म्हणालो. “आता पर्मनंट करा.”

“मालक शिल्लक हाय त्याचा. दुसऱ्याच्या लाइनीला आपलं नाव नाय द्यायचं.”

भोईरांना समजून घ्यायचं तर एक हकिकत सांगायला हवी. ती त्यांनी मला नऊ वेळा सांगितली आहे आणि नऊही वेळा तपशील जुळले आहेत. वीजकेंद्रात नियम असा की, यंत्रात काम करायला उतरणाऱ्या माणसानं स्विचला आपलं कुलूप लावायचं, चावी खिशात ठेवायची. एकदा एक फिटर काम संपवून कुलूप तसंच ठेवून कोंडाण्याला भाचीच्या लग्नाला गेला. यंत्र बंद. साहेब म्हणाले, तोडा कुलूप. भोईर स्विचसमोर उभे राहिले.

“साहेब बोलला, अरं तो तिकडं जेवतोय, आत कोणच नाय. मी बोललो, साहेब, आत कोण हाय ते कुलूप लावणाऱ्यालाच ठावं. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं.” शेवटी जीप पाठवली. फिटर हळदीच्या हातानं आला, कुलूप काढलं आणि परत पंगतीला जाऊन बसला. भोईरांना मेमो मिळाला. तो त्यांनी फ्रेम करून लावला आहे. मेमो देणाऱ्या साहेबांची सही चांगली आहे, असं ते म्हणतात.

तर, हॅलोवीन. कॉलनीत हा सण तीन वर्षांपासून आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी बाहेरच्या शेतांत भातकापणी चाललेली असते आणि आत मुंबईहून आलेली मुलं भुतं होऊन घरोघर चॉकलेटं मागतात. भोईरांचं मत : “आमी भूत घालवाया नारळ फोडतो. हे चाकलेट देऊन बोलावतात.” सुमन फाटक्या कपड्यांतला, तोंडाला काजळी फासलेला एक घोळका बघून म्हणाली होती, “वाडीवरची पोरं बारा महिने अशीच फिरत्यात. त्यांना बघून गेट लावतात.”

गेल्या वर्षी चौकनं एका भुताची चादर ओढली. भूत हसलं. भुताची आई हसली नाही. यंदा कॉलनीला नवे सेक्रेटरी मिळाले : चौदा नंबरवाले. वर्षभर सहकुटुंब परदेशात होते, नुकतेच परतले होते. त्यांनी भोईरांपुढे एक कागद ठेवला. हॅलोवीनच्या दिवशी ज्या कुत्र्याचा कोणत्याही मुलाला स्पर्श होईल, तो कुत्रा आठ दिवसांत कॉलनीबाहेर. सोसायटीला असा कागद करून घेता येत नाही, हे मी भोईरांना भिंतीवरून सांगितलं. त्यांनी तोवर सही केली होती.

“नियम हाय. नियमाला आपण भीत नाय,” ते म्हणाले. पण त्या रात्री त्यांनी कुत्र्यांना दोनदा जेवण घातलं.

मधे एकदा चौदा नंबरवाले आमच्या रस्त्यानं चालत गेले. टेंपररी फाटकाशी बांधलेला होता. त्यानं साखळी ताणली आणि शेपटीनं फाटक वाजवायला लागला. चौदा नंबरांनी फोन कानाला लावला आणि गेले. मी हे पाहिलं. त्यात मला काही बातमी दिसली नाही.

हॅलोवीनच्या दिवशी भोईरांनी दुपारीच शटडाऊन घेतलं. खोपोली न्हाणीघरात, चौक कोठीत, कशेळे स्वयंपाकघरात, टेंपररी मागच्या खोलीत. चार कुलपं, चार लाल पाट्या, चार सह्या. चाव्या बनियनच्या आत दोरीला. स्वतः फाटकाशी स्टूल टाकून बसले. समोर डबा. डब्यात चॉकलेट नव्हतं, कारण चॉकलेट कुत्र्याला विष आणि पोरांच्या हातून सांडतं. शेंगदाण्याची चिक्की होती. शेजारी लॉगबुक. आलेल्या प्रत्येक भुतानं नाव सांगायचं, भोईर वेळ टाकायचे. मी भिंतीवरून वाचलं : ‘६.५५. चेटकीण दोन, सांगाडा एक. चिक्की दिली.’

“अंकल, ये तो चिक्की है,” सांगाडा म्हणाला.

“मग? नुसती हाडं दिसतात तुजी. खा.”

सात वाजून दहा मिनिटांनी काळा झगा आणि पांढरा मुखवटा घातलेली एक मुलगी एकटीच पुढे आली. नऊ-दहा वर्षांची असेल. तिचे वडील मागे पंधरा पावलांवर मोबाइलवर चित्रण करत होते. मुलगी म्हणाली, “ट्रिक ऑर ट्रीट!”

मागच्या खोलीतून आवाज आला. भुंकणं नव्हतं ते. बारीक, लांब, न थांबणारा आवाज. चौदा महिन्यांत मी तो ऐकला नव्हता. भोईरांनीही नसावा, कारण त्यांनी डबा खाली ठेवला. यंत्र अनोळखी आवाज करू लागलं की बसून राहायचं नाही, उठून बघायचं, हाही एक नियमच. दोन नियम एकमेकांवर आले. भोईर आत गेले. कुलूप उघडल्याचा आवाज मला ऐकू आला.

टेंपररी त्यांच्या पायांतून सुटला, ओटीवरून उडी मारून थेट मुलीच्या अंगावर. मुलगी आडवी झाली. मुखवटा निघाला. कुत्रा तिचं तोंड, कान, केस चाटत होता आणि तोच आवाज काढत होता.

“बिस्किट!” मुलगी ओरडली. “बाबा, बिस्किट!”

चौदा नंबरवाले धावत आले. त्यांनी मुलीला दंडाला धरून उभं केलं. “नाही, अन्वी. बिस्किट साताऱ्याला काकांच्या शेतावर आहे ना? हा वेगळा कुत्रा आहे.”

“पण याच्या कानाला पण भोक आहे.”

“पुष्कळ कुत्र्यांना असतं.”

मुलीनं बापाकडे बघितलं, मग कुत्र्याकडे. मग भोईरांकडे वळली. “आजोबा, याचं नाव काय?”

भोईर ओटीच्या पायरीवर उभे होते, हातात उघडं कुलूप. त्यांनी चौदा नंबरांकडे पाहिलं. त्या संध्याकाळी रस्त्यावर मुखवटा नसलेली माणसं थोडी होती, त्यांत चौदा नंबरवाले एक. मुखवटा असता तर बरं झालं असतं.

“टेंपररी,” भोईर म्हणाले. “आमचा टेंपररी हाय तो. समद्यांनाच असा चाटतो, गं बाय.”

चौदा महिन्यांत त्यानं मला एकदाही चाटलं नव्हतं.

मुलगी गेली. वळून वळून बघत गेली. भोईरांनी कुत्र्याला आत नेलं, कुलूप लावलं, आणि लॉगबुकात लिहिलं : ‘७.१०. लाइनीवर माणूस असताना स्विच टाकला. चूक माझी. बा. भोईर.’ चिक्की दिल्याची नोंद नव्हती. डबा तसाच पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस आली. सही चौदा नंबरांचीच. ‘हल्ला’ हा शब्द दोनदा होता. मी लेखी हरकत घेतो म्हणालो. जे पाहिलं ते लिहायला मला वेळ लागला नसता. भोईर नको म्हणाले.

आठव्या दिवशी त्यांच्या बहिणीचा दीर कोंडाण्याहून टेंपो घेऊन आला. टेंपररी न ओढता चढला. गाडीतून उतरवलं जाण्याची त्याला सवय होती, चढवलं की काय होतं हेही त्याला ठाऊक असावं. भोईरांनी आपला जुना स्वेटर त्याच्याखाली पसरला. टेंपो रस्त्याला लागेपर्यंत ते फाटकाशी उभे होते. मग आत जाऊन त्यांनी मागच्या खोलीच्या दारावरची लाल पाटी काढली, खडूची सही पुसली आणि पाटी खिळ्याला अडकवली.

“तुम्हाला माहीत होतं,” मी भिंतीवरून म्हणालो. “त्याचाच कुत्रा आहे, हे.”

त्यांनी लॉगबुक आणून भिंतीवर ठेवलं, चौदा महिने मागचं पान उघडलं. ‘३.४०. मागचं फाटक. पांढरी गाडी. कुत्रा एक, पिवळा. उतरवून गेले. चौदा नंबर.’

“एवढं लिहिलेलं असताना गप्प राहिलात? एक शब्द बोलला असता तर कुत्रा त्या पोरीकडे गेला असता. तिचा बाप उघडा पडला असता.”

“पोरीसमोर उघडा पडंल, त्यालाच तर भ्यालो,” भोईर म्हणाले.

त्यांनी पान मिटलं. कशेळे पायांशी येऊन बसली होती; तिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला.

“साताऱ्याचं कुलूप बापानं लावलंय, भाऊ. मी कसं तोडू? आत पोरगी हाय.”